ठेवणीतलं रोजच्यात: पुण्यात धायरीतल्या एका घराचा वर्षभराचा कपड्यांचा हिशोब

2024 च्या नवरात्रात, राखाडी रंगाच्या दिवशी, सकाळी आठ वाजता मी दादाकडे पोचले तेव्हा वहिनी उघड्या कपाटासमोर उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथल्या सगळ्या जणी नऊ दिवस ठरलेल्या रंगात येतात, फोटो काढतात. कपाटात हात घालायला जागा नव्हती, तरी ती म्हणाली, "ताई, घालायला काहीच नाही हो." शेवटी आदल्या संध्याकाळी रस्त्यावरून 350 रुपयांना घेतलेला टॉप चढवून ती बस पकडायला धावली. त्या नवरात्रात तिने असे चार टॉप घेतले. दिवाळीपर्यंत त्यातले दोन शिवण उसवून माझ्या मशीनवर आले होते.

मी गेली चौदा वर्षं घरी ब्लाउज शिवते. "घालायला काही नाही" हे वाक्य रोज कानावर पडतं आणि मला ते कधीच नखरा वाटलं नाही. महिन्याच्या वीस तारखेनंतर जी बाई भाजीचाही विचार करून पैसे काढते, तिलाही कामावर जाताना नीटनेटकं दिसावंसं वाटतं. त्या दिवशी संध्याकाळी मी वहिनीला म्हटलं, दिवाळी पाडव्याला नवी वही घालू. वर्षभर या घरातल्या कपड्यांवरचा पैसा न् पैसा लिहायचा आणि काय होतंय ते बघायचं. पुढे लिहिलंय ते त्या वहीवरून.

घरात माणसं पाच. दादा एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात आहे, त्याच्या हातात 24,000 येतात. वहिनीला 13,500. घराचा हप्ता 9,800. भाची तेव्हा आठवीत होती, भाचा चौथीत. पाचवी आमची आई, वय 71. ती दिवसभर गाऊनवर असते आणि कपड्यांचा विषय निघाला की म्हणते, "माझं आता काय राहिलंय नटायचं."

आधी मागचं वर्ष मांडलं. फोनवरून केलेले व्यवहार, डब्यात साठलेल्या पावत्या आणि वहिनीची आठवण यांतून आकडे काढले. दिवाळी 11,200. दोन लग्नं आणि एक मुंज 8,600. शाळेचे गणवेश आणि बूट 5,300. आणि फुटकळ, म्हणजे फोनवरून मागवलेले कुर्ते, रस्त्यावरचे टॉप, चपला, इस्त्री, हे सगळं मिळून 6,300. एकूण 31,400. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, पंधराएक हजार होत असतील. वहिनीला अपराधी वाटायला लागलं, तेव्हा मी वही तिच्यापुढे सरकवली आणि तिच्या स्वतःच्या कपड्यांवर किती गेले ते वेगळं काढायला सांगितलं. 7,000 सुद्धा निघाले नाहीत. बाकी मुलं, सासर-माहेरचे आहेर आणि दादाचे शर्ट.

त्या आकड्यांत मला एक गोष्ट दिसली, ती शिवणारीलाच चटकन दिसते. दुरुस्तीसाठी कुणाला दिलेला एकही रुपया त्यात नव्हता. कपडा आणायचा, बसला तर घालायचा, नाही बसला तर कपाटात टाकायचा आणि दुसरा आणायचा, असं चाललं होतं.

कपाट आणि आईची ट्रंक आम्ही एका रविवारी रिकामी केली. वहिनीच्या साड्या मोजल्या, 43 भरल्या. मी प्रत्येक साडी हातात घेऊन तिला विचारत होते, गेल्या वर्षभरात ही नेसलीस का. नऊ निघाल्या. उरलेल्या चौतीस का नेसल्या नाहीत, ते तिच्याच तोंडून लिहून घेतलं. सहांना फॉल-पिको केलेलाच नव्हता, आहेरात आल्या तशाच पिशवीत होत्या. तीन विरून गेल्या होत्या. चार "चांगल्या" होत्या, म्हणजे खराब होतील या भीतीने ठेवलेल्या. आणि एकवीस साड्यांचं कारण एकच होतं: ब्लाउज होत नाही.

भाच्याच्या वेळेपासून वहिनीचं माप दोन इंचांनी वाढलं. ते सगळ्याच बायकांचं वाढतं. साडी कधी घट्ट होत नाही, घट्ट होतो तो ब्लाउज, आणि त्या पाऊण मीटर कापडापायी साडेपाच मीटरची साडी कपाटात पडून राहते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात बायकांच्या कपाटाची हीच गत आहे. एकवीसच्या एकवीस ब्लाउज मी उलटे करून बगलेजवळची शिवण बघितली. बारांमध्ये शिवणाऱ्या बाईने आत कापड ठेवलं होतं. कुणीतरी शहाण्या बाईने दहा वर्षांपूर्वी विचार करून ठेवलेलं ते बोटभर कापड बघून मला फार बरं वाटलं. टीप उसवायची, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडायचं, आतली जुनी शिवण दिसते तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची. एका ब्लाउजला वीस मिनिटं लागतात. आमच्या भागात याचे 60 रुपये घेतात.

उरलेल्या नऊ ब्लाउजांत काहीच कापड नव्हतं. त्यांना बगलेत जोड देता आला असता, पण तो हात वर केला की दिसतो, आणि दवाखान्यात वरच्या कप्प्यातल्या फायली काढताना वहिनीचा हात शंभरदा वर जातो. म्हणून तीन ब्लाउज नवीन शिवले: एक काळा, एक मेंदी रंगाचा, एक खणाचा. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई-कापड धरून पहिल्या दोघांचे 550 प्रमाणे आणि खणाचे 650. तिघांत त्या नऊही साड्या भागल्या आणि इतर दहा-अकरा साड्यांवरही ते चालले. कापड मी वहिनीला बरोबर नेऊन रविवार पेठेतून आणलं. लक्ष्मी रस्त्यावर तेच कापड काचेमागे ठेवलेलं असतं, रविवार पेठेत गठ्ठ्यातून ओढून काढावं लागतं, तेवढाच भावातला फरक.

हे पैसे मी नात्यात घेतले की नाही हा प्रश्न वेगळा. वहीत मात्र चालू दराने पूर्ण लिहिले, नाहीतर हिशोब खोटा झाला असता. बारा ब्लाउज सोडवण्याचे 720, तीन नवीन 1,750, सहा साड्यांच्या फॉल-पिकोचे 780. एकूण 3,250 रुपयांत सत्तावीस साड्या परत वापरात आल्या. साडीमागे 120. मुंजीसाठी घेतलेली 2,800 ची साडी तोपर्यंत दोनदा नेसून झाली होती, म्हणजे एका नेसण्याला 1,400. काळा ब्लाउज वर्षभरात 41 वेळा घातला गेला, एका घालण्याला साडेतेरा रुपये.

दादाचं काम सोपं होतं. त्याचे शर्ट कॉलरलाच जातात, बाकी अंग धडधाकट असतं. आमचे वडील कॉलर उलटून घ्यायचे. वरची पट्टी उसवायची, झिजलेली बाजू खाली घालून परत टीप मारायची. पाच शर्टांच्या कॉलरी उलटल्या. एकाची फुगली, कारण हल्ली कॉलरीत चिकटवलेलं कापड असतं आणि उलटी बाजू कधीकधी नीट बसत नाही. तो त्याने घरात घालायला ठेवला. त्याच्या पँटी कमरेत घेऊन दिल्या. एवढ्यावर त्याच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, नवीन कपडे घेतलेस का. मापात बसलेला जुना शर्ट ढगळ नव्या शर्टापेक्षा नेहमीच उजवा दिसतो, हे मी गिऱ्हाइकांना सांगून दमते. दादाला ते त्या एका प्रश्नाने पटलं.

भाच्याच्या गणवेशाची पँट तीन इंच जास्त लांबीची घेतली आणि आत दुमडून कच्चा टाका घातला. जूनमध्ये दीड इंच सोडली. जुन्या दुमडीची रेघ राहते ती व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ओली करून कडक इस्त्री केली की बरीचशी जाते. चपलांचं एवढंच सांगते की 200 रुपयांच्या तीन जोडांऐवजी वहिनीने चामड्याचा एक घेतला आणि चौकातल्या काकांकडून दोनदा शिवून घेतला.

आता ट्रंकेचं.

आईच्या ट्रंकेत आजीची नऊवारी इरकल होती. आजी विजापूरकडची. इलकल आणि गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातली, 1997 पासून ती बागलकोट जिल्ह्यात गेली. साडी इलकलची, म्हणून इरकल, आणि चोळीचा खण जवळच्या गुळेदगुड्डचा, अशी ती जोडी. साडीचं अंग सुती, गर्द निळं, जवळजवळ काळं. पदर रेशमी, कुंकवासारखा लाल, त्यावर पांढरी नक्षी. आई ती दर वर्षी उन्हं उतरल्यावर गॅलरीत वारा द्यायला काढायची, घडी बदलून परत ठेवायची, डांबरगोळ्या ताज्या करायची. आजी जाऊन सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत ती कुणी अंगाला लावली नव्हती.

वहिनीला नऊवारी रोज नेसणं शक्य नाही, बसमध्ये चढायचं असतं. मी मनात माप धरलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडी कमी. सहावारीला साडेपाच मीटर लागतात. पदराच्या बाजूने साडेपाच मीटर ठेवली तर मागे पावणेतीन मीटरच्या आसपास उरतं. पन्हा 48 इंच. त्यात भाचीचा कुर्ता आणि वहिनीचा ब्लाउज निघतो. हे मी आईला लगेच बोलले नाही. आठ दिवसांनी, दुपारी ती एकटी असताना बोलले.

आई काही म्हणाली नाही. तिने साडी मांडीवर घेतली आणि पदर जिथे अंगाला जुळतो ती जागा बोटाने चाचपली. इरकलीत अंगाचे ताणे सुती आणि पदराचे रेशमी असतात, म्हणून एकेका ताण्याला फास घालून ते एकमेकांत अडकवतात. त्याला टोप-टेणी म्हणतात. सांधा नीट असला तर बोटालाही कळत नाही. आई बराच वेळ तिथे हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "काप. पेटीत ठेवून तरी ती कुणाची होणार? पण पदराकडे कात्री नेऊ नकोस."

कापायच्या आधी मी साडी खिडकीसमोर धरून टोकापासून टोकापर्यंत उजेडात बघितली. जुनं कापड कापताना ही घाई कधी करू नये. पदरापासून सहा मीटरवर वीतभर जागा विरळ झाली होती, बहुतेक काष्टा घासून. दोन्ही अंगठ्यांनी आडवं-उभं हलकेच ताणून पाहिलं, तिथे दोरे सरकत होते, बाकी कापड पक्कं होतं. ही जागा उरलेल्या तुकड्यात येत होती हे नशीब. तेवढी वीत बाजूला काढली. कुर्त्यासाठी दोन्ही काठ आधी कापून वेगळे केले, पुढचा आणि मागचा भाग पन्ह्यात शेजारी शेजारी बसवला आणि काठ नंतर घेराला आणि बाह्यांना लावले. विरळ वीतसुद्धा टाकली नाही, ती आईच्या गोधडीत गेली.

कात्री चालवताना माझा हात कापत होता, हे खरं आहे. इतक्या वर्षांत हजारो मीटर कापड कापलं असेल, पण आजीचं कापताना आवाजसुद्धा वेगळा वाटला.

वहिनी ती इरकल पहिल्यांदा एका साध्या मंगळवारी दवाखान्यात नेसून गेली. सण नव्हता, काही नव्हतं. एक पेशंट आजी काउंटरशी थांबून पदर हातात घेऊन बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, कुठली गं ही. वहिनीने मला रात्री फोन करून हे दोनदा सांगितलं.

पण सगळं असं गोड झालं नाही. तिसऱ्या नेसण्यानंतर वहिनीने घाईत इरकल बादलीत भिजवली आणि त्यातच भाच्याचे शाळेचे दोन पांढरे शर्ट टाकले. पदराचा लाल रंग सुटला, शर्ट गुलाबी झाले आणि तो रंग काही केल्या निघाला नाही. 640 रुपयांचे दोन शर्ट नवे घ्यावे लागले. चूक तिच्याइतकीच माझीही, मी सांगायला हवं होतं. आता कुठलीही जुनी रंगीत साडी धुण्याआधी पांढरा रुमाल ओला करून पदरावर घासून बघायचा, असं ठरलंय. रुमालाला रंग लागला तर साडी एकटी, गार पाण्यात, पदर हातात वेगळा धरून धुवायची आणि सावलीत वाळत घालायची.

जुलै-ऑगस्टमध्ये सुती साड्या बंद कराव्या लागल्या. दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि बसमध्ये काठाला चिखल लागतो. सुती कापडावर माझा कितीही जीव असला तरी पुण्याच्या पावसात आहेरातल्या जॉर्जेट साड्यांनी वहिनीला जी साथ दिली ती नाकारण्यात अर्थ नाही. झटकली की वाळली.

सगळ्यात अवघड ठरली भाची. कुर्ता तिला छान बसला होता. तिने तो एकदा घातला, फोटो काढू दिला आणि कपाटात खाली ठेवून दिला. दुसऱ्यांदा मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, जुन्यातलं नेहमी मलाच का? माझ्या मैत्रिणी नवीन घालतात. मला बघून त्यांना कळतं." वहिनी तिला रागावणार होती, मी थांबवलं. तेरा वर्षांच्या मुलीला वर्गात वेगळं पडायचं नसतं आणि तिच्या अंगावरचे कपडे आमच्या काटकसरीचा नमुना व्हावेत असं तिने कुठे कबूल केलं होतं? तिच्याशी न बोलता मी तिचं माप घेतलं, ही माझी चूक झाली.

त्यानंतर वहीत एक नवी ओळ आली: भाचीचे महिन्याला 300. गणवेश आणि आतले कपडे घरातून, बाकी तिचं ती ठरवेल. पहिल्या महिन्यात तिने तुळशीबागेत कानातली आणि क्लिपा घेऊन सगळे संपवले. वहिनी कासावीस झाली, पण काही बोलली नाही. मग भाचीने चार महिने काही घेतलं नाही आणि कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर दादाला बरोबर नेऊन, भाव करून, एक जीन्स घेतली. कमरेत सैल होती. ती स्वतः माझ्याकडे घेऊन आली आणि शेजारी बसून मी पट्टी कशी उसवते ते बघत राहिली. आता तिला सरळ टीप मारता येते.

2025 च्या नवरात्रात वहिनीने एकही टॉप घेतला नाही. सात रंग घरातच निघाले. राखाडी आणि मोरपंखी नव्हते, ते तिने ओढणीवर भागवले. दिवाळीला मुलांना नवीन कपडे घेतले, ते घ्यायचेच होते, सणाला लहान मुलांच्या अंगावर नवं हवं. दादाने स्वतःसाठी एक चांगला शर्ट घेतला. वहिनीने साडी घेतली नाही, स्वतःहून.

पाडव्याला वही मिटवली. कापड आणि तयार कपडे 7,400, त्यात भाचीचे पैसे धरून. शिलाई, दुरुस्ती, फॉल-पिको 4,150. गणवेश आणि बूट 5,050, त्यातले 640 गुलाबी शर्टांचे. चपला 1,900. इस्त्री, धुलाई, डांबरगोळ्या 1,450. एकूण 19,950. आदल्या वर्षापेक्षा 11,450 कमी. या आकड्याबद्दल दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. या वर्षी जवळच्या नात्यात एकच लग्न होतं, त्यामुळे आहेराचे किमान तीन हजार आपोआप वाचले. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून हजाराच्या वरच्या, अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचा दिवाळीच्या दोन कपड्यांना थोडा हातभार लागला. ते वजा केलं तरी आठ हजारांच्या वर उरतात. त्यांतून आईचा चष्मा झाला, तो दीड वर्ष लांबणीवर पडला होता. बाकीचे भाचीच्या नववीच्या क्लासला गेले.

वहिनीच्या 43 पैकी 31 साड्या या वर्षात अंगाला लागल्या. चार "चांगल्या" होत्या त्यांतल्या तीन तिने नेसल्या. एका रेशमी साडीला घडीवर चीर पडलेली निघाली. जपून ठेवली होती, म्हणूनच फाटली. घडी सात वर्षं एकाच जागी राहिली होती.

ट्रंकेत आता आईचा लग्नातला शालू तेवढा उरलाय. परवा त्याची घडी बदलायला म्हणून आम्ही तो बाहेर काढला. वहिनीने एक टोक धरलं, मी दुसरं. आई पलंगावर बसून नवा चष्मा लावून बघत होती. घडी घालून झाली, मी टेप गळ्यात टाकून निघाले, तेव्हा तिने हाक मारली.

"थांब जरा. माझंही माप घेऊन ठेव," ती गाऊनची बाही वर सरकवत म्हणाली. "जुने ब्लाउज ढगळ होतात. दंड बारीक झालेत आता."